आंबेखोलचा नमुना रुग्ण

२ नोव्हेंबर

आज सभेत मी टेबलावर मूठ आपटली आणि पाण्याचा पेला बाबलीच्या मांडीवर लवंडला. बाबली आमच्या गांगेश्वराच्या देवळाचा मानकरी, शिवाय दवाखान्याच्या समितीचा सभासद. मी अध्यक्ष.

"मास्तरांनू, माजो लेंगो भिजलो," तो म्हणाला.

"क्रांतीत लेंगे भिजायचेच!" मी म्हणालो.

कारणच तसं होतं. आमच्या दवाखान्यातल्या एकुलत्या एक संगणकात गावाची सगळी दुखणी आहेत. कोणाला साखर, कोणाला दमा, कोणाला कुठली गोळी सोसत नाही. नम्रता सिस्टरने वर्षानुवर्षं बसून ती भरली. आता कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, जुनं सॉफ्टवेअर महिनाअखेर बंद, नवं घ्या, आणि जुनी माहिती हवी असेल तर तीही आमच्याकडूनच घ्या. दुखणी आमची, मालक ते! मिठावर कर बसवणाऱ्यांनी तरी याहून वेगळं काय केलं होतं?

संचिताला बोलावलं होतं. माझीच विद्यार्थिनी. शहरात सॉफ्टवेअर लिहायची, आता सासरच्या काजूच्या बागेत बसून लिहिते. तिने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सुचवलं. जगभरच्या दवाखान्यांनी मिळून लिहिलेलं, आतली घडण कोणालाही बघता येते, हवी तशी बदलता येते, आणि बदललेली दुसऱ्याला देता येते. मी उठून त्यावर सविस्तर बोललो. फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरुवात केली. बाबलीच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी बायको फ्रान्सिस्का म्हणाली, "अरे बाबल्या, कंपनीचो मसालो पाकिटात बंद. आत काय घातला ता तेंकाच म्हायत. ह्यो घरचो. जिन्नस डोळ्यांसमोर आसत. मिरची जास्त झाली तर कमी करूची."

ठराव लगेच मंजूर झाला. भाषणाचा परिणाम कधीकधी थोड्या वेळाने होतो.

शेवटी संचिता म्हणाली, नवं सॉफ्टवेअर तपासायला एक नमुना रुग्ण लागेल, रोज रक्तदाब-वजन द्यायला येणारा. फ्रान्सिस्काने माझ्याकडे पाहिलं. "लिओनाक घेवा." मी आजवर रुग्ण म्हणून दवाखान्याची पायरी चढलेलो नाही, चढणारही नाही. पण नमुना म्हणून? चळवळीने हाक दिल्यावर घरी बसणाऱ्यांतला मी नव्हे.

४ नोव्हेंबर

सॉफ्टवेअर संचिताच्या लॅपटॉपवर बसलं. ती म्हणाली, "सर, एक नीट लक्षात घ्या. सॉफ्टवेअर उघडं, पण रुग्णाची माहिती बंदच. ती त्याच्या संमतीशिवाय कोणाला दाखवायची नाही."

"माझी दाखव," मी म्हणालो. "चारचौघांत दाखव. लिओन लोबोच्या आयुष्यात झाकण्यासारखं काही नाही." तसं लिहून सहीसुद्धा दिली, जरा वळणदार.

तरी तिने नाव घातलं नाहीच. नुसतं 'क्रमांक एक' लिहिलं. खोटं नाही त्यात.

नम्रताने दंडाला पट्टा बांधून हवा भरली, आकडा बघितला, पुन्हा हवा भरली, मग दुसरा दंड मागितला. "मशीन बरा चलता मां, ता बघतंय," म्हणाली. काळजीपूर्वक काम करणारी बाई.

"मास्तर, डोक्या दुखता तुमचा?"

"विचार करणाऱ्याचं दुखतंच."

"खंय दुखता? मागे?"

"मागे. पण विचार पुढचे असतात."

ती हसली नाही. टाइप करत राहिली.

७ नोव्हेंबर

फ्रान्सिस्काच्या हाताची चव गेली. इतक्या वर्षांत प्रथमच पेज अळणी लागते. सुक्या बांगड्याची बरणी फडताळात रिकामी सापडली. मांजर, म्हणाली. मांजराने बरणीचं झाकण पुन्हा घट्ट लावून ठेवलं होतं. मीठ कमी पडलं तरी आमच्या घरातली जनावरं शिस्तीची आहेत.

आज संचिताने एक आलेख जोडला. क्रमांक एकचा दाब रोज एकेक ठिपका होऊन पडद्यावर बसतो आणि ठिपक्यांची रेघ होते. हा आलेख आफ्रिकेतल्या कुठल्याशा दवाखान्याने स्वतःच्या गरजेपोटी लिहिला आणि जगाला देऊन टाकला. ना त्यांनी आम्हाला पाहिलं, ना आम्ही त्यांना. मी हेलावलो. आकड्यांकडे बघायचं भान राहिलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर रश्मी घरी आल्या. कणकवलीहून आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येतात, पण घरी कधी येत नाहीत. गोळ्यांचं पाकीट ठेवून म्हणाल्या, "'औषध दिलं' हा रकाना तपासायचा आहे. क्रमांक एकला द्यावंच लागेल. रोज सकाळी एक." पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. दिल्याची नोंद झाली, रकाना भरला. गिळण्याचा रकाना नाही.

९ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस!

नव्या सॉफ्टवेअरच्या उद्घाटनाला दवाखान्याच्या अंगणात सत्तरेक माणसं. मी पाऊण तास बोललो. परदेशी कापडाच्या होळ्या, मिठाचा सत्याग्रह, छापखान्याचा शोध, सगळं एका सूत्रात ओवलं. शेवटी मला राहवलं नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक चावी असते, अंगठ्याएवढी खोचणी. ती संगणकाला लावल्याशिवाय ते उघडत नाही. आत गेलो, ती उपटली, बाहेर आलो, "ही गुलामगिरीची खूण!" असं गरजलो आणि समोरच्या पुलावरून खाडीत भिरकावली. भरतीची वेळ होती. टाळ्या!

संचिता पुलाकडे धावत येताना दिसली. आनंदाने, मला वाटलं.

टाळ्यांचा नाद अजून कानात आहे. घरी येऊन बसलो तरी थांबत नाही. पायऱ्या चढताना जरा डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांच्या प्रेमाचाही भार होतो.

१० नोव्हेंबर

ती आनंदाने धावत नव्हती.

"सर, माहिती अजून अर्धीच काढली होती. नावं नि वयं आली. आजार आणि औषधं आतच राहिली."

"मग काढ."

"चावी खाडीत आहे."

नम्रताने कपाळाला हात लावला. कंपनी दुसरी चावी देते का विचारलं. देते, म्हणाले, नवं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना.

बाबली ओहोटीला चिखलात उतरला. तासाभराने वर आला तेव्हा हातात दोन खेकडे आणि एक चप्पल. "गुलामगिरी गावली नाय मास्तरांनू," म्हणाला. "कुर्ले व्हये काय?"

आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये आंबेखोलचा एकच रुग्ण संपूर्ण आहे. क्रमांक एक. बाकी सगळं गाव नुसतं नावापुरतं. शेवंतीकाकूंना कुठल्या गोळीने अंगावर गांधी उठतात, ते आता फक्त शेवंतीकाकूंना ठाऊक, आणि त्या म्हणतात, पिवळ्या. मी आज कोणाशी बोललो नाही. फ्रान्सिस्काने काळजीने कपाळाला हात लावून बघितला.

१२ नोव्हेंबर

आणि याच वेळी देवाने कौल दिला! देवळात बाबलीने मूर्तीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे होकार. गावपळण ठरली.

आमच्याकडे काही वर्षांनी एकदा अख्खं गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. चार रात्री गाव देवाच्या स्वाधीन, आत चिटपाखरू नाही, कोणी डोकावूनही बघायचं नाही. पलीकडच्या मळ्यात झावळांच्या झोपड्या उभारून राहायचं. हिंदू जातात, आम्ही क्रिस्ताव जातो, पाद्रीबाब चर्चला कुलूप घालून सर्वांच्या आधी जातात. माझा या अंधश्रद्धेला जाहीर विरोध आहे. मागच्या गावपळणीत मी त्याविरुद्ध जोरदार भाषण केलं होतं, मळ्यात, आमच्या झोपडीसमोर.

आजही समितीत कडाडलो. "दवाखाना चार दिवस बंद? कोणाच्या आज्ञेने?"

संचिता शांतपणे म्हणाली, "सर, सगळं गाव चार दिवस एका मळ्यात, हाताला काम नसलेलं. घरोघरी फिरून जे महिन्यात होणार नाही ते तिथे होईल. सगळ्यांना पुन्हा तपासू, सगळ्यांचं पुन्हा भरू. कंपनीचं सॉफ्टवेअर त्या एका संगणकाबाहेर चालत नव्हतं. हे कुठेही येतं."

हेच मी म्हणणार होतो.

१७ नोव्हेंबर

नवा पेच. बाबलीचं म्हणणं, गावात जिवंत काही मागे ठेवता येत नाही, मग दवाखान्यातल्या जुन्या संगणकाचं काय? आत माणसांची दुखणी आहेत.

मी म्हणालो, दुखणी जिवंतच असतात. त्यावर वीस मिनिटं बोललो. बाबली भारावला आणि पुन्हा कौल लावायला गेला. परत आला तो ओशाळून. "डावी पडली. देव म्हणता, तो डबो मेलोलोच आसा. आत रवांदे."

या एका बाबतीत देवाचं आणि माझं एकमत आहे.

नम्रताने आकडा घेतला आणि खालचा ओठ चावला. "मास्तर, गोळी घेतास मां?"

"नोंद आहे ना तुझ्याकडे?"

"नोंद आसा. मी गोळी इचारतंय."

या तरुण पिढीला कागदाचं महत्त्व नाही.

२० नोव्हेंबर

दुपारी ढोल वाजला आणि गाव निघालं. गाड्यांवर अंथरुणं, टोपल्यांत कोंबड्या, दोरीला बकऱ्या. फ्रान्सिस्काने मांजराला पिशवीत घातलं. मी पिशवीत तोंड घालून त्याला बांगड्यांचं विचारलं. "गप रे," ती म्हणाली, "तेची काय चूक?" मग स्वतःशीच हसली.

मळा शेजारच्या मसुरे गावाच्या बाजूला आहे. ओझं घेऊन बांध चढताना मी दोनदा थांबलो. निसर्ग बघायला.

२१ नोव्हेंबर

फणसाखाली टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी नम्रता आणि तिचा पट्टा. सकाळीच पहिली अडचण. सॉफ्टवेअर पत्ता विचारतं आणि घर क्रमांक मागतं. घरं तर देवाकडे! कोण कुठल्या झोपडीत आहे ते कळल्याशिवाय गोळ्या पोचवायच्या कुठे?

संचिताने तिथेच बसून नवा रकाना लिहिला, 'सध्याचा मुक्काम'. फ्रान्सिस्काची पेज शिजायच्या आत. कंपनी म्हणाली असती, पुढच्या वर्षी बघू. तो रकाना तिने लगेच जगासाठी मोकळाही केला. "पुरात, वादळात माणसं घर सोडतात सर. कुठेतरी लागेल."

पण पुरुष फिरकत नाहीत. बायका येतात, पोरं येतात, पुरुष पत्ते कुटत बसलेत. "आमका काय झाला हा?" हेच सगळ्यांचं. मला संताप आला. ज्याला काही झालेलं नाही त्यालाच तर तपासायचं! इतकी साधी गोष्ट माणसाला कळू नये?

नम्रता म्हणाली, "मास्तर, उद्या सांजेक तुम्ही बोला. तुमचा ऐकतले."

संचिताने पडद्यावर दाखवायला एक आलेख निवडला आहे. नाव नसलेला, पण संमती घेतलेला. कोणाचा ते मी विचारलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२२ नोव्हेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दिवेलागणीला दशावतारवाल्यांचा पडदा दोन माडांना बांधला. सगळं गाव मळ्यात बसलं. संचिताने प्रोजेक्टर लावला आणि पडद्यावर रेघ उमटली. डावीकडून उजवीकडे चढत गेलेली, मध्ये कुठे उसंत नाही, शेवटच्या ठिपक्याला तर पडद्याची कड गाठलेली. मी उठलो. घसा साफ होता, मनात आग होती.

"मंडळी, ही रेघ बघा!" मी म्हणालो. "ही एका माणसाच्या रक्ताची रेघ आहे. माणूस कोण, मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. पण हा मूर्ख आहे! रोज चढतेय ती. याला दिसत नाही? याचं डोकं दुखत नसेल? चढण चढताना हा थांबत नसेल? आणि थांबला की म्हणत असेल, मी जरा देखावा बघतोय!"

लोक हसले. मी पेटलो.

"डॉक्टरने गोळी दिली असेल, तर ती यानं खणात टाकली असेल! अशा माणसाला वाटतं, मी कोणीतरी मोठा आहे, मला मरण विचारून येईल. अरे, याला घरचं कोणी नाही का? याला हाताला धरून खाली बसवणारं एक माणूस नाही का या जगात?"

सगळे गप्प झाले. अशी शांतता मी चाळीस वर्षांच्या भाषणांत मिळवली नव्हती. मला वाटलं, आता टाळ्या.

पहिल्या रांगेतून फ्रान्सिस्का उठली. पदर खोचलेला, डोळे भरलेले.

"घरचा माणूस मी आसंय हय," ती म्हणाली. "मीठ कमी केलंय, बांगडे लपयलंय, डॉक्टरीण घराक आणलंय. अजून काय करू, सांग! ती रेघ तुजी रे, लिओन. तुजी!"

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपके मोजले नाहीत, पण ओळखले. हा पहिल्या पट्ट्याचा. हा पुलाचा. हा बांधावरचा.

पुढचं वाक्य तयार होतं. मी खाली बसलो, माझ्या मते फ्रान्सिस्काने बसवलं. नम्रता पट्टा घेऊन धावली. आकडा मी या वेळी विचारला. तिने सांगितला. डॉक्टर रश्मींना फोन लागला, खणातली गोळी फ्रान्सिस्काच्या कनवटीला निघाली, आणि सगळ्या गावासमोर मी ती गिळली.

तेव्हा टाळ्या झाल्या.

आणि मग पत्ते टाकून पुरुष उठले. फणसाखाली रांग लागली, पहिला बाबली. "मास्तरासारख्या शिकलेल्याची ही गत," तो म्हणाला, "मगे माजी रेघ खंय गेली असतली?"

२३ नोव्हेंबर

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून आणला. डॉक्टरांनी संचिताने काढून दिलेल्या नोंदी बघितल्या. म्हणाले, इतक्या दिवसांचे आकडे हाताशी असल्यामुळे अंदाज बांधत बसावं लागलं नाही. अजून काही बिघडलेलं नाही, पण थोडक्यात. गोळी आयुष्यभर. मीठ नाही. आणि महिनाभर भाषण नाही.

"हळू आवाजात?" मी विचारलं.

"हळू आवाजात बोलण्याला भाषण म्हणत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

येताना एसटीत संचिताला विचारलं, नमुना रुग्ण मलाच का केलं?

ती खिडकीबाहेर बघत होती. "सर, सॉफ्टवेअर तपासायला खरा माणूस लागत नाही. खोटी नावं, खोटे आकडे घालून तपासतात."

मी निषेध नोंदवायला उठलो आणि पुन्हा बसलो. भाषणाची परवानगी नव्हती.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी बाबलीने गावात परतण्यासाठी कौल लावला. देव म्हणाला, उद्या. अजून बारा झोपड्या तपासायच्या राहिल्या होत्या. नम्रताने बाबलीकडे पाहिलं, बाबलीने आभाळाकडे पाहिलं. मी माझा जाहीर विरोध आज नोंदवत नाही.

शेवंतीकाकूंची पिवळी गोळी सापडली. त्यांनी ओळखून दाखवली. ती हिरवी आहे.

दुपारी संचिता हसत आली. मोझांबिकमधल्या एका दवाखान्याने 'सध्याचा मुक्काम' हा रकाना उचलला. तिथे नदीला पूर आला की माणसं उंचावर जाऊन राहतात. त्यांनी पोर्तुगीजमध्ये आभार मानले होते. फ्रान्सिस्काला आजोबांकडून त्या भाषेतला तेवढा एकच शब्द येत होता. तो तिने मोठ्याने वाचला, "ओब्रिगादो!" मळ्यातल्या रकान्यात आता समुद्रापलीकडली माणसं मुक्कामाला येणार. यावर खरं तर बोलायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर

कौल मिळाला. वेशीवर सगळं गाव गोळा झालं, ओझ्यांसकट, कोंबड्यांसकट. बाबलीने नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घातलं. मी दरवेळी या वेळेला पाठ करून उभा राहतो. आज फ्रान्सिस्काने दंड धरला होता, म्हणून वळता आलं नाही.

"बा देवा गांगेश्वरा म्हाराजा! चार रातींचा पाच राती केलंस, तुजी मर्जी. आज तुजी लेकरां परत घराक चलली हत. तेंच्या गुरांक-ढोरांक, पोरांबाळांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"संचितान ह्या जा काय लॅपटॉपात घातला हा, ता बुडवू नको, कोणाक खाडीत टाकूची बुद्धी देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जरा जास्तच जोरात.

"आनी हो आमचो मास्तर. तुका मानणा नाय, आमका मानणा नाय. पण माणूस आपलो आसा. तेची रेघ वर चढली हा, ती धरून हळूच खाली आण रे म्हाराजा!"

सगळं गाव ओरडलं. पाद्रीबाबसुद्धा.

फ्रान्सिस्काने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला मनाई केली आहे.

म्हणून मी हळूच म्हणालो.